कोचच्या अंगणातली पाटी

रविवारी सकाळी वर्लीन पेटिग्रू चर्चला निघायच्या गडबडीत होती. एका कानात डूल अडकवून ती दुसरा शोधत होती, तेवढ्यात फोन वाजला.

“मिस वर्लीन, कोचचं घर केवढ्याला काढलंय?”

“कुठल्या कोचचं?”

“गावात कोच आहेत किती? बॅस्कमचं हो! अंगणात पाटी लागलीय. तुमचा फोटोसुद्धा आहे तिच्यावर. काय गोड हसताय!” आणि पलीकडच्यानं खी खी करत फोन ठेवला.

दुसरा डूल शोधता शोधता असलेच आणखी दोन फोन आले. तिसऱ्याला वर्लीननं जे सुनावलं, ते चर्चला निघालेल्या बाईच्या तोंडी शोभणारं नव्हतं. डुलाचा नाद सोडून एका कानानं लंकेची पार्वती होऊनच तिनं गाडी काढली.

चार सामने! अवघे चार सामने झाले होते. टिल्डन कॉलेजच्या फुटबॉल संघाला ओरिन बॅस्कम हा नवा कोच जानेवारीत आला, तो पाच वर्षांचा करार करून. आला तेव्हा याच गावानं बँड लावून त्याला भर रस्त्यातून मिरवला होता. सप्टेंबरात सामने सुरू झाले. एक जिंकला, तीन हरले, आणि ऑक्टोबरचा पहिला रविवार उजाडतो न उजाडतो तोच त्याच गावानं त्याच्या दारात ‘विकणे आहे’ची पाटी ठोकली. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण टिल्डनमध्ये तेवढेसुद्धा मिळत नाहीत. अहो, परसातल्या कोबीला माणसं याहून जास्त मुदत देतात!

टिल्डनच्या संघाचं नाव ‘खेचरं’. पाण्याच्या टाकीवर खेचर, बँकेच्या दारात खेचर, पोरांच्या दप्तरावर खेचर. शनिवारी दुपारी लांबट चेंडू काखेत मारून ती दांडगी पोरं धावायला लागली की गावाला तहानभूक राहत नाही, आणि हरून आली की आठवडाभर जेवण गोड लागत नाही. वर्लीन तरी कुठं वेगळ्या मातीची होती? कालच्याच सामन्यात, चौथा म्हणजे शेवटचा डाव, पुढं सरकायला फक्त हातभर जागा हवी, आणि बॅस्कमनं पोरांना धावू न देता चेंडू लाथेनं उडवून समोरच्यांच्या हवाली करायला लावला. तेव्हा “अरे गाढवा!” म्हणून सगळ्या स्टँडमध्ये मोठ्यानं तीच ओरडली होती. त्याबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. तिकीट काढलंय, ओरडा की! पण मैदानात ओरडणं वेगळं आणि माणसाच्या अंगणात शिरून खुंटा ठोकणं वेगळं.

आणि पाट्या कुणाच्या? तिच्या!

मलबेरी रस्त्यावर कोचच्या घरापुढं एक नाही, तीन पाट्या उभ्या होत्या. तिन्हींवर वर्लीन हसत होती. खाली तिचंच वाक्य: ‘तुमचं घर, माझी जबाबदारी.’ गावातली निम्मी घरं तिच्या हातून विकली गेली होती. पाट्या ती ऑफिसामागच्या शेडमध्ये ठेवायची, आणि शेडची किल्ली कुंडीखाली असते हे गावातल्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं. तिनं तिन्ही पाट्या उपटल्या, गाडीत कोंबल्या, गुडघ्याला लागलेली माती झटकली आणि दार वाजवलं.

दार कोचनं उघडलं. धिप्पाड माणूस, पण डोळ्यांखाली काळं आलेलं. “या मिस वर्लीन. फोटो छान आलाय तुमचा,” तो म्हणाला. हसायचा प्रयत्न त्यानं केला, पण जमला नाही. “मला काही नाही हो. मला सवय आहे. आईला जरा बघता का? ऐकत नाहीये.”

त्याची आई, मिस इडा (या गावात लग्न झालेल्या बाईलाही मानानं ‘मिस’च म्हणतात), जेवणघरात होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, उंच, काडीसारखी, पाठीचा कणा मात्र अजून ताठ. टेबलावर पुठ्ठ्याचं खोकं होतं आणि ती निळ्या कडेच्या चिनीमातीच्या ताटल्या एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळत होती.

वर्लीन उंबऱ्यातच थांबली. कारण हे घर तिनं विकलं होतं ते याच ताटल्यांवर.

मे महिन्यात मायलेक घरं बघत फिरत होते. चार घरं मिस इडानं नुसती मान हलवून नाकारली. या पाचव्या घरात जेवणघराच्या भिंतीत काचेचं कपाट होतं, खालपासून वरपर्यंत, जुन्या सुताराच्या हातचं. ते बघून म्हातारी तिथंच थांबली. लग्नात मिळालेल्या ताटल्या, तिनं सांगितलं. नवराही कोच, मुलगाही कोच. पन्नास वर्षांत अकरा गावं झाली. ताटल्या खोक्यातून निघाल्या आणि खोक्यात गेल्या. मुलाची बायको सहाव्या गावाहूनच माहेरी निघून गेली, तिला दोष देता येत नाही. “मिस इडा, हे शेवटचं गाव,” वर्लीन तेव्हा म्हणाली होती. “ताटल्या इथं लावा आणि खोकं जाळून टाका. शब्द देते.” आणि स्वतः स्टुलावर चढून तिनं त्या कपाटात लावून दिल्या होत्या.

“मिस इडा, अहो हे काय चाललंय?” वर्लीन म्हणाली. “पोरासोरांचा चावटपणा आहे तो. पाट्या काढल्या मी.”

“काढल्यास ना? चांगलं केलंस. ते वर्तमानपत्र दे इकडे.”

“तुम्ही त्या ताटल्या परत आत ठेवा बघू.”

मिस इडानं हातातली ताटली नीट गुंडाळून खोक्यात ठेवली आणि मग वर बघितलं. “वर्लीन, या बारा होत्या. आता नऊ आहेत. माझा नवरा पहिल्यांदा कोच झाला त्या गावात लोकांनी अशीच पाटी लावली. मी म्हटलं, थट्टा आहे, दोन दिवसांत विसरतील. तीन आठवड्यांनी आम्हाला घर सोडायला चार दिवस दिले. घाईत बांधाबांध केली, तीन फुटल्या. तेव्हापासून माझा एकच नियम. पाटी आली की ताटल्या बांधायच्या. मग जायची वेळ येवो न येवो.”

“पण अजून चारच सामने झालेत!”

“हे मला कशाला सांगतेस? यांना सांग.” तिनं हातातला कागद पुढं केला. क्रीडापान होतं. ओरिनचा तोंड उघडं टाकलेला फोटो, आणि शेजारी खेचरप्रेमी मंडळाचे अध्यक्ष लॉयस हेंड्रिक यांचे उद्गार: ‘शितावरून भाताची परीक्षा होते. चार सामने पुरे झाले.’ म्हातारीनं तो कागद मुलाच्या चेहऱ्यावरून घडी घालून सहाव्या ताटलीला गुंडाळला. “कागद मात्र या गावचा चांगला जाड आहे,” ती म्हणाली.

वर्लीनला इतका संताप आला की तिला खुर्चीत बसवेना. “मला एक आठवडा द्या,” ती म्हणाली. “पुढच्या रविवारपर्यंत या अंगणात पाटी दिसली नाही, तर ताटल्या परत लावाल?”

मिस इडानं जरा विचार केला. “लावीन,” ती म्हणाली. “न दिसली तर. आणि तुझ्या दुसऱ्या कानातलं कुठंय गं?”

त्याच दुपारी वर्लीननं शेडला नवं कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली.

सोमवारी दुपारी खेचरप्रेमी मंडळ हेझलच्या खाणावळीत मागच्या खोलीत जेवायला बसतं. मंडळाचा दंडकच आहे: संघ जिंको वा हरो, कोचनं सोमवारी यायचं, समोरचं तळलेलं चिकन खायचं आणि ज्याला जे विचारायचं असेल त्याला उत्तर द्यायचं. चाळीस माणसं, त्यातल्या पस्तिसांनी जन्मात कधी संघ बांधला नाही, आणि सगळ्यांना खेळ कोचपेक्षा जास्त कळतो. कुणी विचारलं, पोरं धापा का टाकतात. कुणी विचारलं, आधीच्या कोचच्या वेळची निळी पँट का बदलली. पँट! म्हणजे पँटमुळे हरलो!

मग लॉयस हेंड्रिक उठला. टायरचं दुकान, गळ्यात सोन्याची साखळी, पोटावर खेचराचा बिल्ला. “कोच, सरळ विचारतो. हातभर जागा. चौथा डाव. आमची आजीसुद्धा पुढं गेली असती. तुम्ही लाथ का मारायला लावलीत?”

हशा पिकला. बॅस्कमनं काटा खाली ठेवला. “आमची बचावाची फळी त्या दिवशी चांगली खेळत होती,” तो म्हणाला. “मला वाटलं, चेंडू लांब टाकावा आणि तिच्यावर भरवसा ठेवावा. चुकलं माझं. तसाच प्रसंग आला तर कदाचित परत तेच करीन.”

“ऐकलंत?” लॉयस चहूकडं बघत म्हणाला. “परत तेच करणार! मग आम्ही काय, पाच वर्षं असंच बघत बसायचं? उगाच नाही लोक याच्या अंगणात पाट्या लावत.”

इथं वर्लीनची खुर्ची मागं सरकली. तिला मंडळात बोलायची सवय होती, पण एवढ्या चढ्या आवाजात नव्हे.

“लाज वाटत नाही? लॉयस, तुझं बाळ चालायला किती महिन्यांनी लागलं रे? चौथ्या महिन्यात पळत नाही म्हणून दिलंस का कुणाला देऊन? त्या माणसानं पोरं निवडलेली नाहीत, आधीच्यानं निवडलीत. नवी निवडायला त्याला धड एक हिवाळा मिळालेला नाही. खेळावर बोला, तोंड दुखेपर्यंत बोला, मीही बोलते. पण त्याच्या घरात म्हातारी आई आहे आणि तुम्ही लेकाचे तिच्या गुलाबांत खुंटे ठोकता?”

“अहो मिस वर्लीन, थट्टा असते ती...”

“थट्टा? एकतीस वर्षांपूर्वी शेवटच्या मिनिटाला कुणाच्या हातून चेंडू निसटला होता? मी होते तिथं. सांगू नाव? तेव्हा तुझ्या आईच्या अंगणात कुणी पाटी ठोकली होती का?”

लॉयस कानापर्यंत लाल झाला. पण तो काही मूग गिळून बसणारा गडी नव्हता.

“नव्हती ठोकली,” तो म्हणाला. “कारण तेव्हा गावात ती पद्धतच नव्हती. ती पाडली कुणी, मिस वर्लीन? तुमच्या ऑफिसच्या भिंतीवर तो फोटो कुणाच्या पाटीचा आहे? आम्ही टायर बदलायला शिकलो बापाकडून, आणि पाट्या लावायला शिकलो तुमच्याकडून.”

सगळी डोकी तिच्याकडं वळली. त्यात कोचचंही होतं. वर्लीननं खुर्ची पुढं ओढली. ती खाली बसली.

कारण खरं होतं ते. एकोणीस वर्षांपूर्वी तिचा धंदा नवा होता आणि कोच होता लॅटिमोर नावाचा. संघ ओळीनं सात सामने हरला. एका रविवारी चर्च सुटल्यावर वर्लीन आणि तिचा नवरा, देव त्याला शांती देवो, हसत हसत गेले आणि भर दुपारी लॅटिमोरच्या हिरवळीवर तिची कोरी करकरीत पाटी ठोकून आले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो! फोन थांबेनात. गावाला तिचं नाव पाठ झालं, आणि त्या एका पाटीवर तिचा धंदा उभा राहिला. नोव्हेंबरात लॅटिमोर गाव सोडून गेला. डिसेंबरात पोस्टानं एक मोठं पार्सल आलं. आत तीच पाटी होती. खुंटा धुतलेला, माती पुसलेली, वर कोचच्या बायकोचा नवा पत्ता, आणि चिठ्ठी काही नाही. वर्लीन तेव्हा नवऱ्याला म्हणाली होती, “बघ, कसली चांगली माणसं! वस्तू परत पाठवली.” आणि फोटो फ्रेम करून भिंतीवर लावला.

एकोणीस वर्षं तो तिथं हसत होता. सोमवारी संध्याकाळी तिनं तो उतरवला, पण टाकायचा कुठं ते तिला कळेना. टेबलाच्या खणात ठेवला तर खण उघडवेना. मंगळवार, बुधवार, गुरुवार ती सकाळ-संध्याकाळ मलबेरी रस्त्यावरून गाडी फिरवत राहिली. अंगण स्वच्छ होतं. लोक तिला रस्त्यात हात करत आणि ती पाठ वळवून गेली की काहीतरी बोलत. बोलू देत, ती मनाशी म्हणायची, रविवार येऊ दे फक्त.

शुक्रवारी चार वाजता तिनं फ्रेम काखेत मारली आणि मिस इडाकडं गेली. कोच संघाबरोबर परगावच्या सामन्याला निघून गेला होता. खोकं जेवणघरात कोपऱ्यात होतं, कपाटाच्या काचा मात्र म्हातारीनं पुसून ठेवलेल्या दिसत होत्या.

वर्लीननं फ्रेम टेबलावर ठेवली. “हे मी केलंय, मिस इडा. ही पद्धत माझी. तुमच्या दारात जे आलं ते माझ्याच हातचं आहे. मला माफ करा असं म्हणायचीसुद्धा माझी लायकी नाही.”

मिस इडानं फोटोकडं बघितलंही नाही. “मला ठाऊक आहे. मे महिन्यात तुझ्या ऑफिसात कागदांवर सह्या करायला आले होते तेव्हा भिंतीवर बघितला. तू कॉफी आणायला गेली होतीस.”

“बघितलात? आणि तरी घर घेतलंत? माझ्याकडून?”

“कपाट आवडलं होतं,” म्हातारी म्हणाली. “आणि दुसरीकडं जाऊन काय? अकरा गावांत मी असा एक तरी फोटो बघितलेला आहे. कुठं न्हाव्याच्या दुकानात, कुठं हॉटेलात. पण तू स्टुलावर चढून ताटल्या लावायला लागलीस, तेव्हा म्हटलं, बहुतेक हिला आता वाईट वाटत असेल.”

“तेव्हा वाटत नव्हतं,” वर्लीन म्हणाली. “खोटं कशाला सांगू? तेव्हा आठवणसुद्धा नव्हती.”

“मग आता वाटतंय ना? झालं तर. चहा घे. बर्फ टाकू?”

दोघी स्वयंपाकघरात थंडगार गोड चहा पीत बसल्या. मिस इडा नवऱ्याच्या गोष्टी सांगत होती. तो हरून आला की गाडी धुवायचा, आणि एका वर्षी इतकी धुतली की रंग निघाला. वर्लीन आठवड्यात पहिल्यांदा पोटभर हसली. जाताना दारात मिस इडा म्हणाली, “परवा सकाळी चर्चच्या आधी ये. स्टूल धरायला कुणीतरी लागेल.”

वर्लीननं दार उघडलं आणि जिथल्या तिथं खिळली.

हिरवळीच्या मधोमध, गुलाबांच्या पुढं, जाड प्लायची हातभर रुंद फळी उभी होती. लाल रंगानं, ढोबळ अक्षरांत: विकणे आहे. रंग अजून ओघळत होता. या बाया मागं हसत बसल्या होत्या तेवढ्यात कुणीतरी येऊन गेलं होतं. वर्लीननं धावत जाऊन ती उपटली. मागं उलटून बघितलं तर छापील अक्षरं: ‘हेंड्रिक टायर्स. चार घ्या, हवा जन्मभर फुकट.’

नालायक! शेडला कुलूप लागलं म्हणून स्वतःच्या दुकानाची फळी उखडून आणली! आणि अक्कल एवढी की मागचं नावसुद्धा खरवडलं नाही.

“मिस इडा, ही मोजायची नाही,” ती ओरडली. “ही माझी नाही! मी काढलीय, बघा, काढली! कुणी बघितली पण नाही!”

मिस इडा उंबऱ्यात उभी होती. “मी बघितली,” ती म्हणाली, आणि हळूच आत गेली.

वर्लीननं फळी गाडीच्या डिकीत टाकली. घरी जाईपर्यंत ती रडत होती, आणि रडण्यापेक्षा शिव्याच जास्त देत होती. त्यातल्या निम्म्या लॉयसला होत्या, निम्म्या स्वतःला.

आणि शनिवारी खेचरं जिंकली! तेही कशी? शेवटचं मिनिट, समोरच्या पोराच्या हातून चेंडू निसटला, आपल्या एका जाड्यानं तो पोटाखाली दाबून धरला, आणि गाव वेडं झालं. कोचनं त्यात काय केलं होतं? काही नाही. बाकावरून उभा राहून तोही इतरांसारखाच बघत होता. पण रेडिओवर रात्रीपर्यंत लोक सांगत होते: हा माणूस खरा धोरणी, आम्ही पहिल्या दिवसापासून म्हणत होतो. पहिल्या दिवसापासून! वर्लीननं रेडिओ बंद केला. त्यातला एक आवाज, गेल्या रविवारी फोनवर खी खी करणारा, तिनं बरोबर ओळखला होता.

रविवारी चर्च सुटल्यावर मिरवणूकच निघाली म्हणा ना. हातात झाकलेली भांडी घेऊन माणसं मलबेरी रस्त्यानं चालली होती. बटाट्याचं सॅलड, मक्याचा पाव, भरलेली अंडी, तीन मजली केक. सगळ्यांच्या पुढं लॉयस हेंड्रिक, दोन्ही हातांवर मध लावून भाजलेला अख्खा हॅम, अंगावर चर्चचा कोट. वर्लीन आपल्या गाडीनं मागून गेली. तिला आत जायचंही नव्हतं आणि न जाऊन राहवतही नव्हतं.

“मिस इडा!” लॉयस दारातूनच गरजला. “जिंकल्याबद्दल कोचचा वाटा घेऊन आलोय. आपलं गाव असंच आहे बघा, मनात काही ठेवत नाही!”

मनात ठेवत नाही! दुसऱ्याच्या अंगणात ठेवतं! वर्लीनचे दात एकमेकांवर घासले.

“या,” मिस इडा म्हणाली. “सगळे आत या. ओरिन, सरक जरा.” कोच बावरून भिंतीशी उभा राहिला. वीस-पंचवीस माणसं जेवणघरात दाटीवाटीनं शिरली, आणि शिरल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ते काचेचं कपाट आलं. खालपासून वरपर्यंत रिकामं.

“ठेवा तो हॅम,” मिस इडा म्हणाली. “पण माझ्याकडं ताट नाही. बांधून झालीत. वर्लीन, तुझ्या गाडीत एक फळी आहे ना? स्वच्छ पुसून आण.”

वर्लीनला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. तिनं डिकी उघडली, फळी रुमालानं पुसली, आत नेली आणि टेबलावर आडवी ठेवली. लाल अक्षरं वर. वाळून टणक झालेली.

कुणीतरी खोकलं. लॉयसनं फळीकडं बघितलं, मग छताकडं.

“ठेवा ना,” मिस इडा म्हणाली. “जड असेल.”

त्यानं ठेवला. ‘विकणे’ हॅमखाली गेलं, ‘आहे’ दिसत राहिलं. मिस इडानं सुरी आणली आणि सावकाश, नीट, पातळ काप करायला घेतले. “हातानंच घ्या,” ती म्हणाली. “आम्ही अकरा गावांत हातानं खाल्लंय, काही होत नाही.”

लोकांनी एकेक काप उचलला. मध कोपरापर्यंत ओघळत होता आणि पुसायला कुणी काही मागेना. लॉयसनं बोटं कोटाला पुसली.

“अहो मिस इडा, सोडा की त्या ताटल्या! आता कुठं जाताय? आता काय, पुढचा शनिवार जिंकला की झालं!”

मिस इडाची सुरी थांबली. “आणि नाही जिंकला तर?”

तिनं रागानं विचारलं नव्हतं. उत्तर हवं होतं म्हणून विचारलं होतं. ती एकेकाच्या तोंडाकडं बघत गेली: खेचराचे बिल्ले, चर्चचे कोट, मधाचे हात. तेव्हा वर्लीनच्या मनात आलं, आता एकानं तरी म्हणावं, एकानं. तरी तुम्ही इथंच राहा, एवढंच. ती स्वतः म्हणायला निघाली होती, पण तिच्या शब्दाला या घरात काय किंमत उरली होती? मे महिन्यात एकदा दिला होताच तो. बाकीची पंचवीस तोंडं केकचं कौतुक करायला लागली.

“बरं,” मिस इडा म्हणाली.

अर्ध्या तासात घर रिकामं झालं. भांडी घेऊन माणसं घाईघाईनं निघाली. शेवटी लॉयस राहिला. तो दाराकडं वळला, तशी मिस इडानं उरलेला हॅम कागदावर काढला, फळीला लागलेली चरबी फडक्यानं टिपली आणि ती त्याच्या हातात दिली.

“ही तुमची आहे ना? मागं नाव आहे.”

“अहो, असू दे हो...” लॉयस पुटपुटला.

“नको. घेऊन जा. पुढच्या शनिवारी लागेल.”

लॉयसनं फळी काखेत घेतली. कशीही धरली तरी एक बाजू बाहेर येत होती, लाल अक्षरं नाहीतर दुकानाचं नाव. बाहेर रस्त्यावर अजून अख्खं चर्च रेंगाळत उभं होतं. कोटाला मध लागलेला तो माणूस त्या गर्दीतून खाली मान घालून गेला, आणि त्याच्याशी कुणी बोललं नाही.

वर्लीननं कोपऱ्यातलं खोकं हलकेच भिंतीला सरकवलं, कुणाचा पाय लागू नये म्हणून. मग तिनं फडकं घेतलं आणि मिस इडाबरोबर टेबल पुसायला लागली.